हृदयविकाराचा धोका आणि मृत्यू : अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी का जुळत नाहीत? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हृदयविकाराविषयीच्या बातम्या नियमाने वाचणाऱ्याला एक अनुभव हटकून येतो. काल ज्या गोळीने किंवा ज्या आहाराने हृदय वाचत होते, त्यानेच आज ते धोक्यात आलेले असते, आणि दोन्ही बातम्यांना हजारो लोकांवर केलेल्या अभ्यासाचा आधार असतो. या विसंगतीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे गुंता खराच आहे.

एकाच विषयावरचे दोन मोठे अभ्यास उलटसुलट सांगतात, तेव्हा त्यांतला एक चुकलेला असतो का?

कधीकधी असतो, पण फार कमी वेळा. बहुतेक वेळा दोन्ही अभ्यासांनी आपापल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिलेले असते. प्रश्न मात्र एक नसतो. बातमी होताना प्रश्न गळून पडतो आणि उत्तर तेवढे उरते.

रक्तदाबाचे उदाहरण घेऊ. वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवणे पुरेसे आहे की १२० च्या खाली आणावा, हे अमेरिकेत झालेल्या दोन चाचण्यांनी तपासले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲकॉर्ड’ चाचणीच्या या भागात ४,७३३ मधुमेही रुग्ण होते. त्यांच्यात रक्तदाब १२० च्या खाली आणूनही झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांची एकत्रित संख्या ठामपणे सांगता येईल इतकी घटली नाही. २०१५ साली ‘स्प्रिंट’ चाचणीचे निष्कर्ष आले. उद्दिष्टे तीच होती, सहभागी ९,३६१ होते, आणि फायदा इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तिच्यात एकत्रित घटना २५ टक्क्यांनी आणि कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू २७ टक्क्यांनी कमी झाले.

आता बारकाईने पाहू. स्प्रिंटमध्ये मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेले लोक घेतलेच नव्हते. स्प्रिंटच्या एकत्रित घटनांमध्ये हृदय निकामी होणे, म्हणजे हार्ट फेल्युअर, धरले होते. ॲकॉर्डच्या मुख्य मोजणीत ते नव्हते. स्प्रिंटमध्ये रुग्णाला शांत बसवून स्वयंचलित यंत्राने रक्तदाब घेत, आणि बऱ्याच केंद्रांवर त्या वेळी खोलीत दुसरे कोणी नसे. आपल्याकडच्या ओपीडीत जिना चढून आलेल्या, हातात फाइल धरलेल्या आणि डॉक्टरांशी बोलत असलेल्या माणसाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो. त्या आकड्याची स्प्रिंटमधल्या आकड्याशी बरोबरी करता येत नाही. तिकडचा १२० इकडे सहज काही अंकांनी वर दिसेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आकड्यांच्या पट्ट्यात आहे. ॲकॉर्डमध्ये घटना १२ टक्क्यांनी कमी दिसल्या होत्या. पण सहभागी तुलनेने थोडे असल्यामुळे खरा परिणाम २७ टक्के घट ते ६ टक्के वाढ यांच्या दरम्यान कुठेही असू शकत होता. स्प्रिंटची २५ टक्के घट या पट्ट्यात बसते. म्हणजे ‘फायदा नाही’ असे ॲकॉर्डने सिद्ध केलेच नव्हते, ‘फायदा आहे की नाही ते आम्हाला ठरवता आले नाही’ एवढेच तिचे म्हणणे होते. या दोन वाक्यांतला फरक पुसला गेला, म्हणून दोन चाचण्यांचे भांडण दिसू लागले. पुढे २०२४ मध्ये चीनमधल्या १२,८२१ मधुमेही रुग्णांवरच्या ‘बीप्रोड’ चाचणीत १२० चे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात अशा घटना २१ टक्क्यांनी कमी आढळल्या. मधुमेही रुग्णांचा प्रश्न मोठ्या संख्येने विचारल्यावर उत्तर बरेच स्पष्ट झाले.

रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरकांच्या (हार्मोनच्या) गोळ्यांनी आधी हृदय सुरक्षित होते असे म्हणत, आणि २००२ नंतर उलट म्हणू लागले. असे कसे झाले?

या विषयातले सर्वांत बोधक प्रकरण हेच आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

अमेरिकेत १९७६ साली १,२१,७०० परिचारिकांची पाहणी सुरू झाली. त्यांना दर दोन वर्षांनी प्रश्नावली पाठवली जाई. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या परिचारिकांमध्ये, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकार बराच कमी दिसत होता. इतर काही पाहण्यांमध्येही चित्र तसेच होते. डॉक्टर गोळ्या लिहून देऊ लागले आणि त्यामागचे कारणही समजण्यासारखे होते : पाळी सुरू असताना स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, म्हणजे संप्रेरक टिकवले की हृदयही टिकेल.

मग चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या, म्हणजे गोळी कोणाला मिळणार आणि कोणाला नाही हे योगायोगावर सोडलेल्या चाचण्या आल्या. १९९८ साली ‘हर्स’ या चाचणीत आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांना एकूण फायदा दिसला नाही. पहिल्या वर्षात तर झटके वाढलेलेच दिसले. जुलै २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मधली १६,६०८ स्त्रियांची चाचणी सरासरी ५.२ वर्षांनी थांबवण्यात आली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरके एकत्र घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकार वाढले होते. हृदयविकाराच्या घटना २९ टक्के अधिक होत्या.

दोन्हींमध्ये एवढा फरक पडण्याची पहिली आणि सर्वांना सुचणारी कारणमीमांसा अशी की स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच वेगळ्या होत्या. त्या डॉक्टरकडे नियमाने जात, त्या अधिक शिकलेल्या व सधन होत्या, आणि गोळी चुकू न देणारी व्यक्ती बाकीही बरेच काही चुकू देत नाही. पाहणीत वय, धूम्रपान, वजन यांचा हिशेब घालून तुलना केली जाते. पण जे मोजलेलेच नाही त्याचा हिशेब घालता येत नाही.

हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, तर परिचारिका प्रामुख्याने रजोनिवृत्तीच्या सुमारास गोळ्या सुरू करत. शिवाय एक किचकट बाब होती. एखादीने दोन प्रश्नावल्यांच्या मधल्या काळात गोळी सुरू केली आणि पुढची प्रश्नावली भरण्याआधीच तिला झटका आला, तर नोंदीनुसार ती गोळी ‘न घेणारी’ ठरे. गोळीचा त्रास सुरुवातीलाच होत असेल, तर नेमका तोच काळ पाहणीच्या चाळणीतून निसटत होता. २००८ मध्ये संशोधक हर्नान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिचारिकांची तीच माहिती चाचणीसारखी मांडली : गोळी सुरू केल्याच्या दिवसापासून मोजणी केली आणि वय व रजोनिवृत्तीनंतरची वर्षे वेगळी काढली. तेव्हा सुरुवातीच्या काळातला वाढलेला धोका तिथेही दिसला आणि दोन अभ्यासांमधला बराचसा फरक विरघळला. माहिती एकच होती, फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची हे बदलले होते.

मग सगळ्याच प्रश्नांवर चिठ्ठ्या टाकून चाचण्या का करत नाहीत?

कोणाला २० वर्षे तंबाखू खायला लावून चाचणी करता येत नाही. आहाराच्या बाबतीत माणसे दोन-तीन वर्षांतच आपल्या मूळ जेवणाकडे वळतात. शिवाय झटके आणि मृत्यू पुरेशा संख्येने मोजायचे तर हजारो लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो. त्यामुळे पाहण्यांना पर्याय नाही, आणि चांगली पाहणी टाकाऊ नसते. धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही हृदयविकाराची कारणे म्हणून आपल्याला कळली, ती मुख्यतः १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावी ५,२०९ लोकांपासून सुरू झालेल्या पाहणीसारख्या कामामुळे.

‘हृदयविकाराने मृत्यू’ हे तरी सगळीकडे एकाच अर्थाने मोजले जाते का?

नाही. मला विचाराल तर निम्मा गोंधळ येथून सुरू होतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

भारतात रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना ४ भरतात; घरी मृत्यू झाला आणि डॉक्टर उपचार करत असतील, तर नमुना ४अ. त्यात वर तात्काळ कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते कारण आणि शेवटी मूळ कारण असा क्रम असतो. मृत्यू कशा प्रकारे आला ते लिहू नका, तो ज्या रोगाने आला तो लिहा, अशी सूचना नमुन्यावरच छापलेली असते. आणि ‘लिहू नका’च्या उदाहरणात ‘हार्ट फेल्युअर’ हेच शब्द असतात. तरीही रात्री अडीच वाजता, नातेवाईक दाराशी उभे असताना, आधीच दोन ॲडमिशन घेऊन दमलेला निवासी डॉक्टर पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून मोकळा होतो. हृदय आणि श्वास बंद पडणे हे मरणाचे कारण नव्हे, ते मरणच आहे. अशा दाखल्यांवरून हृदयविकाराचे मृत्यू मोजले, तर आकडा फुगू शकतो. आणि तपासनिसाने असे दाखले बाजूला काढले, तर त्यांतले खरे झटकेही गळतात.

आणखी एक रुग्ण डोळ्यांपुढे आणा. वय ६८, मधुमेह २० वर्षांचा, मूत्रपिंडे अधू, दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेलेला, आणि आता न्यूमोनियाने मृत्यू. मूळ कारण म्हणून एक डॉक्टर मधुमेह लिहील, दुसरा मूत्रपिंडाचा विकार, तिसरा हृदयविकार. तिघांपैकी कोणालाही सरळसरळ चूक ठरवता येणार नाही. मात्र ज्या अभ्यासात हा माणूस असेल, त्याच्या निष्कर्षाला प्रत्येक दाखला वेगळीकडे ओढील.

हे झाले दाखला असेल तर. २०२० सालच्या शासकीय अहवालानुसार भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. राज्याराज्यांत फरकही मोठा आहे. गोव्यात हे प्रमाण जवळजवळ संपूर्ण आहे, महाराष्ट्रात ते निम्म्यालाही पोहोचत नाही. म्हणून ‘मिलियन डेथ स्टडी’सारख्या पाहण्यांमध्ये कार्यकर्ते मृताच्या घरी जाऊन विचारतात : छातीत दुखले होते का, किती वेळ, घाम आला होता का, एक बाजू लुळी पडली होती का. ते वर्णन वाचून दोन डॉक्टर स्वतंत्रपणे कारण ठरवतात आणि मत जुळले नाही तर तिसरा निवाडा करतो. गडचिरोलीतल्या ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेने अशाच पद्धतीने मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा पक्षाघात हे सर्वांत मोठे कारण निघाले. सुमारे १४ टक्के मृत्यू त्याने झाले होते. या पद्धतीत मधुमेही माणसाला न दुखता आलेला झटका किंवा झोपेत आलेला मृत्यू ओळखणे कठीण जाते. तेव्हा दाखल्यांवरून काढलेला मुंबईचा आकडा आणि घरोघरी विचारून काढलेला गडचिरोलीचा आकडा शेजारी ठेवून शहर व खेडे यांच्यातला फरक सांगू लागणे धाडसाचे आहे.

झटक्याची व्याख्या तरी ठरलेली असेल ना?

ठरलेली आहे, पण ती बदलत आली आहे. ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी रूढ झाल्यावर, २००० साली युरोप व अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी झटक्याची नवी व्याख्या केली आणि पूर्वी नुसते ‘छातीत दुखणे’ म्हणून घरी पाठवले गेलेले कित्येक रुग्ण झटक्याच्या रकान्यात आले. सौम्य झटके मोजले जाऊ लागले की झटक्यांची संख्या वाढते आणि झटक्यानंतर मरणाऱ्यांची टक्केवारी आपोआप घटते. रुग्णाच्या प्रकृतीत मात्र कणभरही बदल झालेला नसतो. १९९० आणि २०१० मधल्या आकड्यांची तुलना करणाऱ्या लेखात याचा उल्लेख नसेल, तर तो लेख बाजूला ठेवावा.

धोक्याचे घटक कमी असलेल्या लोकांत मृत्यू जास्त, असे निष्कर्ष कसे येतात?

कारण झटका येणे आणि झटक्याने मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘प्युअर’ या आंतरराष्ट्रीय पाहणीने २०१४ मध्ये १७ देशांतल्या सुमारे दीड लाख लोकांची माहिती मांडली. त्यांत भारतही होता. कोलेस्टेरॉल, धूम्रपान, रक्तदाब वगैरेंचा एकत्रित बोजा श्रीमंत देशांत सर्वांत जास्त होता आणि गरीब देशांत सर्वांत कमी. तरीही गंभीर हृदयविकार व पक्षाघात गरीब देशांतच अधिक होते. असा विकार झाल्यावर मृत्यू येण्याचे प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के होते, तर गरीब देशांत १७.३ टक्के.

यावरून ‘कोलेस्टेरॉल निरुपद्रवी आहे’ असा अर्थ काढणारे भेटतात. अर्थ एवढाच की रक्तदाबाची गोळी महिनाअखेरीस संपली की पुढच्या पगारापर्यंत थांबणारा माणूस, आणि छातीत कळ आल्यावर आधी ॲसिडिटीची गोळी, मग गावचा डॉक्टर आणि मग जीप शोधून तालुक्याला पोहोचणारा माणूस, यांचे मरण त्यांच्या रक्ताच्या अहवालात दिसत नाही. ज्या अभ्यासात केवळ मृत्यू मोजले जातात, त्यात रोग आणि उपचारापर्यंतचे अंतर यांची सरमिसळ होते.

तेल-तूप वाईट की भात-पोळी, याचा निकाल का लागत नाही?

२०१७ मध्ये ‘प्युअर’नेच १८ देशांतल्या १,३५,३३५ लोकांच्या आहाराविषयी लिहिले. आहारातली सर्वाधिक ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून घेणाऱ्या गटात मृत्यू २८ टक्के अधिक होते, आणि स्निग्ध पदार्थ अधिक खाणाऱ्यांत कमी. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या १५,४२८ लोकांच्या पाहणीत सर्वांत कमी मृत्यू मध्यावर, म्हणजे ५० ते ५५ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून घेणाऱ्यांत आढळले. दोन्ही टोकांना ते वाढत होते.

पहिल्या पाहणीतला सर्वाधिक गट सुमारे ७७ टक्क्यांचा होता. रोजच्या अन्नातली तीन-चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा भात, भाकरी किंवा मैद्यातून कोण घेतो? बहुधा ज्याला डाळ, दूध, भाजी परवडत नाही तो. तो माणूस भातामुळे मेला की गरिबीमुळे, हे संख्याशास्त्राने कितीही हिशेब घातला तरी पूर्ण सुटत नाही.

आणि मुळात आहार मोजतात कसा? प्रश्नावली विचारते : गेल्या वर्षभरात आपण अमुक पदार्थ किती वेळा आणि किती वाट्या खाल्ला? हा प्रश्न एखाद्या गृहिणीला विचारून पाहावा. आमच्या घरी मी तो प्रयोग केला. तेलाचा डबा महिन्याला किती लागतो ते घरच्या गृहिणीला तोंडपाठ होते, पण त्यातले स्वतःच्या पोटात किती गेले हे सांगता येईना. फोडणीतले मोजायचे, की तळणाचे उरलेले पुन्हा भाजीत गेले ते, की चतुर्थीला पाहुण्यांच्या पानात गेले ते? वाटी कोणती, आमटीची की डब्याच्या झाकणाची? पुरुषांना विचारले तर उत्तर याहून आत्मविश्वासाने येते आणि याहून चुकीचे असते. अशा उत्तरांतल्या अंदाजी चुका साधारणपणे खरा संबंध पुसट करतात, म्हणून ‘संबंध आढळला नाही’ हा निष्कर्ष पुष्कळदा मोजमापाच्या ढिलाईचा असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे तूप कमी केले तर त्याजागी काय आले? तुपाऐवजी शेंगदाणे आले तर निष्कर्ष एक, साखर आली तर दुसरा. ‘संपृक्त मेदाचा (तूप-लोण्यातल्यासारख्या मेदाचा) हृदयविकाराशी संबंध’ असे शीर्षक असलेल्या दोन अभ्यासांत हा बदल वेगळा असेल, तर त्यांचे न जुळणे साहजिक आहे.

किरकोळ बांध्याच्या लोकांत मृत्यू अधिक दिसतात. मग थोडे वजन असणे चांगले का?

मुंबईत १९९१ ते १९९७ या काळात मतदार याद्यांवरून ३५ वर्षांवरील १,४८,१७३ लोकांची नोंद करून त्यांचा पाठपुरावा झाला. कमी वजनाच्या लोकांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. पण मुंबईत क्षयरोग आहे, तंबाखू आणि मिसरी आहे, अर्धपोटी राहणेही आहे. आजारामुळे वजन उतरलेले असते आणि मग तो आजारच जीव घेतो; हडकुळेपण कारण दिसते, पण ते परिणाम असते. हीच अडचण वृद्धांच्या कमी कोलेस्टेरॉलबाबतही येते. पाठपुराव्याची पहिली काही वर्षे वगळली, म्हणजे आधीच आजारी असलेले गाळले, की असे चित्र बरेचदा बदलते.

दुसरी बाजू पुण्याची आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा आकडा, २२.३ होता, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बीएमआय या एकाच आकड्यावर उभे राहिलेले युरोपीय आणि भारतीय अभ्यास का जुळत नाहीत, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवले असेल.

इंटरनेटवरचे ‘दहा वर्षांतला हृदयविकाराचा धोका’ सांगणारे गणित आपल्याला लागू पडते का?

अंदाज म्हणून पडते, आकडा म्हणून नाही. अशी गणिते त्या त्या देशातल्या, त्या त्या काळातल्या लोकांच्या नोंदींवर बेतलेली असतात. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांच्या अभ्यासात पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियातल्या लोकांत ५३ होते, तर इतरांत ५८.८. वय हा या गणितांतला सर्वांत वजनदार घटक आहे, त्यामुळे चाळिशीतल्या भारतीयाला ही गणिते खोटा दिलासा देऊ शकतात. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, कोलेस्टेरॉलचे घटक वगैरे नेहमीचे नऊ घटकच जगभरच्या बहुतांश झटक्यांमागे होते. घटक सगळीकडे तेच आहेत; त्यांचे वय आणि प्रमाण वेगळे आहे.

एखाद्या अभ्यासात ‘फक्त स्त्रियांना’ किंवा ‘फक्त साठीनंतर’ फायदा दिसला, तर त्यावर विश्वास ठेवावा का?

१९८८ साली ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीने झटक्यानंतर लगेच दिलेली ॲस्पिरिन जीव वाचवते हे सिद्ध केले. नियतकालिकाच्या संपादकांना आणखी उपगटांचे विश्लेषण हवे होते. संशोधकांनी ते दिले, पण सोबत राशीनिहाय विश्लेषणही जोडले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने फायदा नव्हता, उलट किंचित तोटाच होता. बाकी दहा राशींना भरघोस फायदा होता. (या राशी जन्मतारखेवरून काढलेल्या, आपल्या पत्रिकेतल्या चंद्रराशी नव्हेत, पण तसे असते तरी फरक पडला नसता.) माणसांचे पुरेसे तुकडे पाडले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात योगायोगाने उलटे उत्तर निघतेच. उपगट आधी ठरवला होता की नंतर सापडला, हे पाहावे.

‘धोका २९ टक्क्यांनी वाढला’ म्हणजे नेमके किती?

संप्रेरकांच्या चाचणीतलेच २९ टक्के घेऊ. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला हृदयविकाराच्या ३० घटना, घेणाऱ्यांमध्ये ३७. म्हणजे १०,००० मागे ७ अधिक. एका स्त्रीला हे नगण्य वाटेल आणि लाखो स्त्रियांना गोळ्या देणाऱ्या यंत्रणेला चिंताजनक; दोघेही बरोबर असतील.

औषध कंपन्यांच्या पैशामुळे निष्कर्ष बदलतात का?

कंपन्यांच्या खर्चाने झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष त्यांच्या उत्पादनाला अधिक अनुकूल असतात, हे पडताळून पाहिलेले आहे. मात्र यात आकडे खोटे असावे लागत नाहीत. तुलना कशाशी करायची ते निवडले की पुष्कळ साधते. माशांच्या तेलापासून बनवलेल्या औषधांच्या दोन चाचण्या पाहा. २०१८ च्या ‘रिड्यूस-इट’मध्ये ८,१७९ रुग्ण होते आणि घटना २५ टक्क्यांनी घटल्या, २०२० ची १३,०७८ रुग्णांची ‘स्ट्रेंग्थ’ मात्र फायद्याची आशा न उरल्याने आटोपती घेतली. औषधे एकसारखी नव्हती. शिवाय पहिल्या चाचणीत औषध न मिळालेल्या, तुलनेच्या गटाला खनिज तेल दिले होते आणि त्या गटाचे वाईट कोलेस्टेरॉल वाढले. दुसऱ्या चाचणीत मक्याचे तेल होते. औषधाने किती सुधारले आणि खनिज तेलाने तुलनेच्या गटाचे किती बिघडवले, हा वाद अजून मिटलेला नाही.

पैशाचा संबंध नसतानाही घोळ होतात. भूमध्यसागरी आहारावरचा ‘प्रेडिमेड’ हा स्पेनमधला ७,४४७ जणांचा अभ्यास २०१३ मध्ये गाजला आणि २०१८ मध्ये मागे घेतला गेला, कारण काही ठिकाणी एकाच घरातल्या सर्वांना एकाच गटात घातले होते आणि एका केंद्रावर तर एकेका दवाखान्यातल्या सर्वांनाच. दुरुस्त करून तो पुन्हा छापला. आकडे जवळपास तेच राहिले, भाषा मवाळ झाली.

माझे वडील वर्षानुवर्षे ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतात. आता ती नको म्हणतात. बंद करावी का?

आधी एक गोष्ट पाहा : त्यांना पूर्वी झटका आला आहे का, स्टेंट बसवला आहे का, बायपास किंवा पक्षाघात झाला आहे का? तसे असेल तर खालच्या मजकुराचा त्यांच्याशी संबंध नाही, आणि गोळी स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. स्टेंटनंतर तर विशेषच.

असे काहीच झालेले नसेल, तर निष्कर्ष बदलले आहेत ते त्यांच्यासारख्यांसाठी. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांच्या चाचणीत दिवसाआड ॲस्पिरिन घेणाऱ्यांत झटके ४४ टक्क्यांनी कमी झाले. हृदयविकाराने होणारे एकूण मृत्यू मात्र त्यातही घटले नव्हते. २०१८ साली तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकापाठोपाठ आले. त्यांतल्या ‘ॲस्प्री’मध्ये बहुतेक सत्तरीपुढचे १९,११४ निरोगी लोक होते. हृदयासाठी फायदा दिसला नाही आणि गंभीर रक्तस्राव वाढला. मधुमेहींच्या ‘असेंड’मध्ये थोडा फायदा दिसला, पण तो रक्तस्रावाने जवळजवळ फेडून टाकला.

गोळी तीच होती. मधल्या ३० वर्षांत धूम्रपान घटले, कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन आले, रक्तदाबाचे उपचार सुधारले, त्यामुळे टाळण्याजोगे झटकेच कमी उरले. रक्तस्रावाचा धोका मात्र होता तेवढाच राहिला आणि वयाबरोबर वाढत गेला. वडिलांचे वय, पूर्वी कधी काळी शौच झाली आहे का किंवा पोटात अल्सर होता का, गुडघेदुखीसाठी ते आणखी कोणती वेदनाशामक गोळी घेतात, आणि ही ॲस्पिरिन मुळात कोणी, कधी व कशासाठी सुरू केली, एवढे एका कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरात कोणालाच आठवत नाही, असे पुष्कळदा होते. तेव्हा जुनी फाइल शोधून सोबत घ्या.